कोडिंग न करता आयटीत यायचंय: इंदूरकर मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिशेब, बँक, शाळा, औषध कारखाना किंवा विक्री यांत चार-दहा वर्षं काढून आता सॉफ्टवेअर कंपनीत जायचा विचार करणाऱ्यांसाठी हे पान आहे. कॉलेजातून नुकतं बाहेर पडलेल्यांनाही यातला बराच भाग लागू पडेल. पण मुख्य मुद्दा जुना अनुभव कसा वापरायचा हाच आहे.

कोडिंग सोडून आयटीत नक्की कोणती कामं असतात?

एखादं बिलिंग सॉफ्टवेअर डोळ्यासमोर आणा. दुकानदाराला काय हवंय ते समजून नेमक्या शब्दांत लिहून देणारा बिझनेस अ‍ॅनालिस्ट. पडदा कसा दिसावा आणि बटण कुठे असावं हे ठरवणारा यूएक्स डिझायनर. तयार झालेलं मोडतंय कुठे ते शोधणारा टेस्टर. वापरायची माहिती लिहिणारा टेक्निकल रायटर. ग्राहकाकडे बसून जुना डेटा चढवणारा आणि सॉफ्टवेअर चालू करून देणारा इम्प्लिमेंटेशन कन्सल्टंट. त्यानंतरचे फोन घेणारा सपोर्ट. ग्राहक पुढच्या वर्षीही टिकावा म्हणून झटणारा कस्टमर सक्सेसवाला. विक्रीआधी डेमो देणारा प्री-सेल्सवाला. आणि या सगळ्यांना शोधून आणणारा रिक्रूटर.

बाहेरून येणाऱ्याला पहिली संधी इम्प्लिमेंटेशन, सपोर्ट, टेस्टिंग आणि रिक्रूटमेंटमध्ये सोपी जाते. प्रॉडक्ट मॅनेजर आणि स्क्रम मास्टर (स्क्रम या पद्धतीने टीमचं काम चालवणारा) ही पदं जाहिरातींत भुरळ घालतात, पण ती सहसा आत काम केलेल्यालाच मिळतात. त्यांना पहिली पायरी समजून सहा महिने वाया घालवू नका.

म्हणजे तांत्रिक काही शिकावंच लागणार नाही ना?

लागेल. कोड लिहायचा नसला तरी कोड लिहिणाऱ्याशी रोज बोलायचं असतं, आणि ‘चालत नाहीये हो’ एवढंच सांगणाऱ्याला तिथे फार किंमत नसते.

बटण दाबल्यावर ब्राउझर सर्व्हरकडे विनंती पाठवतो आणि सर्व्हर उत्तरासोबत तीन आकडी कोड देतो, एवढ्यापासून सुरुवात करा. २०० म्हणजे काम झालं. ४०० च्या घरातला कोड आला तर चूक बहुधा विनंतीत असते: ४०१ म्हणजे लॉगिन नाही, ४०३ म्हणजे परवानगी नाही, ४०४ म्हणजे ती गोष्टच सापडली नाही. ५०० च्या घरातला आला तर दोष सर्व्हरच्या बाजूचा. हे ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये दिसतं. पोस्टमन नावाच्या साधनात अशी विनंती हाताने पाठवून बघता येते. दोन संध्याकाळी दिल्यात तर एवढं येतं.

मग एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय आणि जॉइन या चार गोष्टी आल्या की बहुतेक रोजची कामं निघतात. जॉइनमध्ये, म्हणजे दोन तक्ते जोडताना, नवशिके हमखास फसतात. एका ग्राहकाची तीन बिलं असतील तर ग्राहकाची ओळ तीनदा येते, त्याची उधारीची मर्यादाही तीनदा बेरजेत धरली जाते आणि आकडा फुगतो. बेरीज करण्याआधी ओळी मोजायची सवय लावून घ्या.

एक्सेल येतं असं सगळेच सांगतात, पण त्याच्या खोड्या माहीत असणारे थोडे. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, पुढच्या कापल्या जातात. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या माहितीची साधी) फाइल थेट उघडली की आकड्यापुढचं शून्य गळतं, म्हणजे आपल्या शहराचा ०७३१ हा ७३१ होतो. १५ अंकांपलीकडचा आकडा एक्सेल नीट धरत नाही, त्यामुळे १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होऊन बसतो. उपाय साधा आहे: फाइल थेट न उघडता डेटा इम्पोर्ट करा आणि तो रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून निवडा. मुलाखतीत हे सांगता आलं तर काम केलेला माणूस लगेच ओळखू येतो.

माझ्यासाठी कोणतं काम बरं, हे कसं ठरवू?

क्षेत्र तेच ठेवा, खुर्ची बदला. क्षेत्र आणि काम दोन्ही एकदम बदललं तर तुम्ही फ्रेशर ठरता, पगारही तसाच मिळतो. शाळेतल्या शिक्षिकेने शैक्षणिक सॉफ्टवेअरच्या ट्रेनिंग किंवा ऑनबोर्डिंगकडे जावं. बँकेतल्या माणसाने बँकिंग सॉफ्टवेअरच्या युजर अ‍ॅक्सेप्टन्स टेस्टिंगकडे (वापरणाऱ्याच्या बाजूने शेवटची तपासणी), रुग्णालयाच्या बिलिंग खिडकीवरच्याने रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरकडे. कर्ज खातं एनपीए, म्हणजे थकीत, कधी होतं हे तुम्हाला पाठ असतं, डेव्हलपरला ते विचारून घ्यावं लागतं. तेच तुमचं भांडवल.

सियागंजात दहा वर्षं हिशेब लिहितोय, टॅली येतं. माझं काय होईल?

तुमची वाट बऱ्यापैकी सरळ आहे: ईआरपी (हिशेब, खरेदी, विक्री, साठा एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) किंवा बिलिंग सॉफ्टवेअरचं इम्प्लिमेंटेशन. क्रेडिट नोट, रिव्हर्स चार्ज, जीएसटीआर-२बी या विवरणाशी इनपुट क्रेडिट जुळवणं, १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या उलाढालीला लागू झालेलं ई-इन्व्हॉइस हे सगळं तुमच्या हाताखालून गेलेलं असतं. नवीन शिकायचं ते डेटा हलवण्याचं तंत्र.

क्रम असा असतो. आधी मास्टर याद्या (ग्राहक, माल, खाती) साफ करायच्या. ‘शर्मा ट्रेडर्स’, ‘शर्मा ट्रेडर’ आणि ‘मे. शर्मा ट्रेडर्स’ हे एकच खातं तीन नावांनी पडून असतं. मग जुन्या खात्यांची नव्या खात्यांशी जोडणी, त्यानंतर सुरुवातीच्या शिलका. मग एक पूर्ण महिना दोन्हीकडे नोंदी करून दोन्ही ट्रायल बॅलन्स रुपया-पैशापर्यंत जुळवायचे.

घोटाळा बहुतेक वेळा शिलकांमध्ये होतो. ग्राहकाची एकूण बाकी चढवली जाते, बिलवार चढवली जात नाही. बेरीज जुळते, सगळे खूश होतात, आणि पंधरा दिवसांनी वसुलीला गेलेल्या माणसाला कोणतं बिल किती दिवस थकलंय ते सांगता येत नाही. दुसरी जागा मापाच्या एककांची: खरेदी पोत्यात, विक्री किलोत आणि पोतं कधी ५० चं, कधी ३० चं. एककाचं रूपांतर प्रत्येक मालाला वेगळं लावलं नाही तर साठा उणे दिसू लागतो.

ट्रायल व्हर्जन मिळणारं एखादं ईआरपी घ्या, काल्पनिक दुकानाचे २०० माल आणि ५० ग्राहक चढवा, जुळलेल्या ट्रायल बॅलन्सच्या पडद्यांचे फोटो जपून ठेवा. सर्टिफिकेटपेक्षा हे जास्त बोलतं.

पीथमपूरच्या औषध कारखान्यात क्यूएमध्ये (गुणवत्ता हमी विभागात) आहे. आयटीत मला कोण विचारणार?

कॉम्प्युटर सिस्टिम व्हॅलिडेशनवाले विचारतील. आपल्याकडे हे नाव अनेकांच्या कानावरच आलेलं नसतं. अमेरिकेला औषध पाठवणाऱ्या कारखान्यांना इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांसाठी २१ सीएफआर पार्ट ११ हा १९९७ पासूनचा नियम पाळावा लागतो. प्रयोगशाळेचं सॉफ्टवेअर, बॅच रेकॉर्ड, गोदाम, यांतलं प्रत्येक सॉफ्टवेअर ठरल्याप्रमाणे चालतं याचा लेखी पुरावा द्यावा लागतो. तो पुरावा तयार करणं हेच काम.

आयक्यू, ओक्यू, पीक्यू (बसवणी, चालणं आणि कामगिरी यांच्या लेखी तपासण्या) तुम्ही यंत्रांसाठी केलेलं असतं, इथे तेच सॉफ्टवेअरसाठी करायचं. नवीन भाग तीन: गॅम्प ५ या मार्गदर्शिकेतली सॉफ्टवेअरची वर्गवारी, प्रत्येक गरज कोणत्या चाचणीने तपासली हे दाखवणारा ट्रेसेबिलिटी तक्ता, आणि ऑडिट ट्रेलची, म्हणजे बदलांच्या आपोआप होणाऱ्या नोंदींची, तपासणी. त्यात कोणी, कधी, जुनी किंमत काय, नवी काय आणि बदल का, हे सगळं दिसलं पाहिजे. चौघांनी एकच लॉगिन वापरणं ही इथली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक. तुमच्या कारखान्यात अशा सॉफ्टवेअरचं काम निघालं तर स्वतःहून त्या गटात जा. नोकरी न बदलता अनुभव मिळतो.

टेस्टिंग सगळ्यात सोपं असं म्हणतात, खरंय?

शिरायला त्यातल्या त्यात सोपं, टिकायला नाही. हाताने तपासणाऱ्यालाही दोन-तीन वर्षांत ऑटोमेशन (चाचण्या यंत्राकडून करून घेणं) येतं का असं विचारलं जातं, आणि ऑटोमेशन म्हणजे थोडं का होईना कोडिंगच. हे आधीच माहीत असलेलं बरं.

टेस्टरची नजर कशी असते ते जीएसटी क्रमांकाच्या एका रकान्यावरून बघा. क्रमांक १५ अक्षरांचा. पहिले दोन अंक राज्याचे: मध्य प्रदेश २३, महाराष्ट्र २७, गुजरात २४. पुढची दहा अक्षरं पॅनची, शेवटचं अक्षर तपासणीचं. आता १४ अक्षरं टाकून बघा, १६ टाका. पुढे एक मोकळी जागा सोडा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी केल्यावर ती हमखास येते. छोट्या लिपीतली अक्षरं टाका. शून्याच्या जागी ओ टाका. रचना बरोबर पण शेवटचं तपासणी-अक्षर चुकीचं असा क्रमांक द्या. मग इंदूरच्या विक्रेत्याने पुण्याला माल पाठवल्यावर बिलात दोन राज्यांमधल्या विक्रीचा आयजीएसटी लागतो की चुकून राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी, ते पाहा. एका रकान्यातून वीसेक चाचण्या सहज निघतात.

बग लिहिताना शीर्षक, कोणत्या आवृत्तीत, क्रमाने पायऱ्या, काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि पडद्याचा फोटो, एवढं हवंच. गांभीर्य आणि घाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिलावर ग्राहकाच्या कंपनीचं नाव चुकीचं छापलं गेलं तर बिघाड किरकोळ, पण घाई पहिल्या नंबरची.

सर्टिफिकेट कोणतं करू?

टेस्टिंगसाठी आयएसटीक्यूबी फाउंडेशन: ४० प्रश्न, ६० मिनिटं, पास व्हायला २६ गुण. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना वेळ २५ टक्के वाढवून मिळतो, तो मागून घ्या. अभ्यासक्रम मोफत उतरवून घेता येतो, क्लासची गरज नाही. स्क्रमसाठी पीएसएम-१: ८० प्रश्न, ६० मिनिटं, ८५ टक्के. वेळ कमी पडतो, म्हणून स्क्रम गाइड तीनदा वाचूनच बसा. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या सुरुवातीला सीएपीएम, त्याला २३ तासांचं प्रशिक्षण लागतं. पीएमपीला पदवीधरांकडे प्रकल्प चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण हवं, म्हणून अनुभव नसताना ‘पीएमपी गॅरंटी’ विकणाऱ्यापासून चार हात लांब राहा. सेल्सफोर्स या ग्राहक-व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं ट्रेलहेड हे शिकायचं संकेतस्थळ मोफत आहे, सरावाची जागाही तिथेच मिळते.

एक पुरे. पाच सर्टिफिकेटं आणि दाखवायला काम शून्य, असा रिझ्युमे बाजूला पडतो.

मग दाखवायला काम आणायचं कुठून?

वीजबिल भरायचं अ‍ॅप, सिटी बसचं अ‍ॅप, कॉलनीतल्या किराणेवाल्याची वही, जे हाताशी असेल ते घ्या. डिझाइनकडे जाणाऱ्याने पाच माणसांना तेच काम करायला सांगावं आणि गप्प बसून बघावं. जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच जणांच्या चाचणीतच बहुतेक अडचणी उघड होतात. त्या पाचांत एक साठीपुढचे काका असू द्या. मग फिग्मा या डिझाइनच्या साधनात सुधारलेला पडदा करा. अक्षर आणि पार्श्वभूमीचा विरोध निदान ४.५ ला १, अँड्रॉइडवर बोट टेकवायची जागा निदान ४८ डीपी (पडद्यावरच्या मापाचं एकक). नुसतं सुंदर चित्र नको. आधी काय अडत होतं, काय बदललं आणि नंतर किती जणांना जमलं, हे लिहा.

अ‍ॅनालिस्टने त्याच अ‍ॅपसाठी चार-पाच पानांचं गरजपत्रक करावं. ‘सिस्टिम वेगवान असावी’ हे वाक्य त्यात आलं तर खोडा. ‘५०० बिलांची यादी ३ सेकंदांत उघडावी’ असं लिहा, म्हणजे तपासता येईल.

जुन्या कंपनीचा खरा डेटा मात्र कधीही वापरू नका, नावं झाकूनसुद्धा नाही. समोरचा त्यावरून एवढंच समजतो की हा उद्या आमचाही बाहेर दाखवेल.

भंवरकुआच्या क्लासला पैसे भरू का?

चांगले क्लास आहेत आणि नुसत्या पाट्याही आहेत. पैसे भरण्याआधी एक तास वर्गात बसू देतात का, शिकवणारा सध्या किंवा अलीकडे उद्योगात होता का, अर्ध्यात सोडलं तर किती परत मिळेल आणि ते पावतीवर लिहून देतात का, हे विचारा. ‘१०० टक्के प्लेसमेंट’ म्हणजे कोणत्या पदावर, किती पगारावर? पुष्कळदा ती कॉल सेंटरची मुलाखत निघते.

फी हप्त्याने भरायला सांगितली तर कागद नीट वाचा. अनेकदा ते एखाद्या वित्तसंस्थेचं कर्ज असतं, आणि क्लास बंद पडला तरी हप्ता चालूच राहतो.

क्लासवाले दोन वर्षांचा खोटा अनुभव दाखवून देतो म्हणतात.

नको. पडताळणीत पीएफच्या यूएएनवरची (प्रत्येक कर्मचाऱ्याच्या कायमच्या क्रमांकावरची) सेवेची नोंद बघतात. ज्या काळात तुम्ही सियागंजात होतात त्या काळात बंगळुरूत कशी नोकरी केलीत, याला उत्तर नसतं. रुजू झाल्यावर सहा महिन्यांनीही काढून टाकतात, आणि तो डाग खऱ्या अनुभवावरही बसतो.

नोकरीसाठी कोणी ‘डिपॉझिट’ मागितलं तर?

देऊ नका. दिलंच असेल तर उशीर न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिले काही तास महत्त्वाचे, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येऊ शकतात.

बाँडवर सही करावी का?

वाचून. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे जायचंच नाही, ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. पण ठरावीक काळ थांबा, नाहीतर अमुक रक्कम भरा, ही अट टिकू शकते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची ३ वर्षं किंवा २ लाख रुपये ही अट ग्राह्य धरली. रक्कम आणि मुदत पेलणारी आहे का ते बघा. मूळ मार्कशीट कोणाच्या ताब्यात देऊ नका.

इंदुरातच राहून जमेल की पुणं गाठावं लागेल?

सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस आहेत, खंडवा रोडकडे क्रिस्टल आयटी पार्क आहे, यश, इम्पेटस, इन्फोबीन्स यांची कार्यालयं शहरात आहेत. शिवाय छोट्या सर्व्हिस कंपन्या पुष्कळ. पहिली नोकरी इथेच शोधणं शहाणपणाचं: घरभाडं वाचतं, चूक झाली तरी परवडते. डिझाइन आणि प्रॉडक्टची वरची पदं पुणे-बंगळुरूत जास्त. दोन वर्षांनी रातराणी पकडायची की नाही ते तेव्हा ठरवा.

अर्ज करण्याआधी शिफ्ट विचारा. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं, त्यामुळे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये शिफ्ट एक तासाने सरकते. रात्री तीनला सुपर कॉरिडॉरवरून सुदामानगरला कसं परतायचं, कॅब आहे का, हा प्रश्न मुलाखतीत विचारायला लाजू नका.

आपल्या मराठीचा काही उपयोग?

आहे, आणि इंदूरकराला जरा जास्तच, कारण मराठी-हिंदी दोन्ही घरच्या. हिंदी पडद्याचं मराठी यंत्राने केलं की फजिती होते. अर्जातला ‘शिक्षा’ हा रकाना तसाच राहिला तर मराठी माणसाला विचारलं जातं की शिक्षा किती झाली! लोकलायझेशन टेस्टिंग म्हणजे असली ठिकाणं शोधणं.

तांत्रिक बाजूही आहे. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा, मराठी ७० चा. ७१ वं अक्षर आलं की दोन संदेशांचे पैसे लागतात. ‘श्री’ आपल्याला एक अक्षर दिसतं, संगणकाला ती चार चिन्हं आणि १२ बाइट. म्हणून ५० बाइटांच्या रकान्यात मराठी नाव मधेच तुटतं. ‘ळ’, ‘ऱ्य’, जोडाक्षरं आणि देवनागरी आकडे यांची एक तपासयादी करून ठेवा, कोणत्याही मुलाखतीत कामाला येते.

इंग्रजी कच्चं आहे.

बोलणं अडखळलं तरी चालतं, लिहिणं स्वच्छ हवं, कारण दिवसभर ईमेल आणि तिकिटंच लिहायची असतात. रोज एक बग रिपोर्ट इंग्रजीत लिहा, दीडशे शब्दांच्या आत.

एआय हीच कामं खाणार नाही का?

चाचण्यांची पहिली यादी, मदतपानाचा कच्चा मसुदा, बैठकीची टिपणं हे आता यंत्र करतं, आणि नुसतं तेवढंच करणाऱ्याची जागा आकसते आहे. पोतं ३० किलोचंही असतं हे त्याला कोणी सांगितलं नाही तर ते ५० च धरून चालतं. क्षेत्राची माहिती धरून ठेवा असं वर म्हटलंय, ते यासाठीही.

वयाची चाळिशी जवळ आली, आता उशीर झाला का?

फ्रेशरच्या रांगेत उभं राहिलात तर झाला. क्षेत्रातला जाणकार म्हणून गेलात तर नाही. मात्र बॉस अठ्ठावीस वर्षांचा असू शकतो, ती तयारी ठेवा.

किती महिने लागतील?

नोकरी सांभाळून आठवड्याला दहा तास दिलेत तर साधारण सहा महिने धरा. पहिले दोन एसक्यूएल, एक्सेल आणि जिरासारख्या काम-नोंदीच्या साधनांना, पुढचे दोन एका ठोस नमुन्याला, शेवटचे दोन अर्जांना. अर्ज पहिल्याच आठवड्यात करून नकार गोळा करू नका.

राजीनामा कधी देऊ?

ऑफर लेटर हातात आल्यावर. त्याआधी नाही, तोंडी ‘हो’वर तर नाहीच.

ऑफरमधला सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षभरात पडणारा एकूण खर्च, हा हातात येणारा पगार नव्हे. त्यात कंपनीचा पीएफचा हिस्सा, बहुधा मूळ पगाराच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी आणि कधी मिळेल न मिळेल असा बोनसही असतो. तुमचा पीएफचा हिस्सा आणि वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये व्यवसायकर आणखी कापला जातो. महिन्याला खात्यात किती, हे एचआरकडून ईमेलवर मागून घ्या.

पाच वर्षं पुरी व्हायला आली असतील तर तारीख बघूनच राजीनामा द्या. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ पगार २६,००० असेल तर पाच वर्षांचे ७५,००० होतात. चार वर्षं दहा महिन्यांवर सोडून पुढे वाद घालत बसण्यापेक्षा दोन महिने थांबणं स्वस्त.

जुना पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. सलग पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागतो, वळवला तर जुनी सेवा मोजली जाते. आणि नोटीस ९० दिवसांची असेल तर नव्या कंपनीला पहिल्याच फोनवर सांगा. ऑफर आल्यावर सांगणाऱ्यांच्या ऑफर तिथेच अडकतात.